पोष्टातली गलांडीन

माझ्या लग्नाची बोलणी हिंगणघाटला झाली. होणारे सासरे तिथल्या जिनिंगमध्ये कापूस जोखायचे. त्यांनी माझ्या काकांना विचारलं, "पोरगा करते काय?" काका म्हणाले, "कालेजात दुखनं मोजते." सासऱ्यांनी पानाला चुना लावता लावता थोडा विचार केला आणि विचारलं, "वजनावर, का मापावर?" काकांना हे ठाऊक नव्हतं. "सरकारी पद्धतीनं," असं त्यांनी ठोकून दिलं आणि लग्न ठरलं.

काकांचं तसं काही चुकलं नव्हतं. वर्धा जिल्ह्यातल्या एका मेडिकल कॉलेजात, औषधशास्त्राच्या विभागात, मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. पुढे फजिती यायची आहे आणि ती सगळी आमच्या विभागाची स्वतःची कमाई आहे, तिच्यात कॉलेजला वाटेकरी करण्याचं कारण नाही. सत्तरच्या दशकात मी लागलो तेव्हा माझ्याकडे उंदीर होते. ऐंशीच्या दशकात माणसं आली. कामाच्या दृष्टीनं दोघांत फरक एवढाच, की उंदीर वेळेवर हजर असायचे.

उंदरांचं काम सोपं होतं. पांढऱ्या उंदराच्या पंजाला थोडी सूज आणायची, मग एका यंत्रात तो पंजा ठेवून हळूहळू दाब वाढवायचा. उंदीर चीं म्हणाला की काटा वाचायचा. औषध दिलेला उंदीर उशिरा चीं म्हणाला, तर औषध चांगलं. वाईट वाटायचं का, असं लोक विचारतात. वाटायचं. काम संपलं की मी त्यांना भिजवलेला हरभरा द्यायचो, आणि त्यांनी तो माझ्या हातून खाल्ला की अजूनच वाईट वाटायचं. पण उंदराचा एक मोठा गुण आहे. तो चीं म्हणतो तेव्हा त्याला चींच म्हणायचं असतं. माणसांच्या बाबतीत हे किती दुर्मिळ आहे ते मला डॉ. सप्रे आल्यावर कळलं.

डॉ. सप्रे आमचे विभागप्रमुख. मूळचे पुण्याचे, मधली बरीच वर्षं मुंबईत. सडपातळ, नेमके, बोलण्यात एक शब्द इकडचा तिकडे नाही. पाणी मागतानासुद्धा "अर्धा पेला" मागायचे आणि अर्धाच प्यायचे. माणूस मात्र मनानं फार चांगला. शिपायालाही अहोजाहो करायचे, त्यामुळे सुरुवातीला शिपायांना वाटायचं की आपली बदली झाली. त्यांचा एकच दोष मला ठाऊक होता. इंजेक्शनच्या शास्त्रावर ते तासभर बोलू शकत, पण स्वतःला सुई टोचून घ्यायची वेळ आली की ते दाराकडे सरकायला लागत. कॉलेजात लस देण्याच्या दिवशी सर हमखास किरकोळ रजेवर असत.

सरांचा सगळा जीव एका शब्दात अडकलेला होता. प्रोस्टाग्लँडिन. घाबरू नका, मी बी.एस्सी. आहे, मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. आपलं शरीर ज्या सूक्ष्म पेशींचं बनलेलं आहे, त्या पेशींच्या भिंती चरबीच्या असतात. पेशीला इजा झाली की ती आपल्याच भिंतीतला चरबीचा एक तुकडा काढते आणि त्याचं प्रोस्टाग्लँडिन बनवते. ही चरबी स्वतः फारसं दुखवत नाही. ती जवळच्या मज्जातंतूच्या टोकाशी जाते आणि त्याला हळवं करून ठेवते. म्हणून भाजलेल्या हाताला सदऱ्याची बाही नुसती लागली तरी आपण ओरडतो. बाही रोजचीच असते, फक्त तंतू आधीच चिडून बसलेला असतो. डोकं दुखल्यावर आपण ॲस्पिरिन घेतो ती दुखणं मारत नाही, ती ही चरबी तयारच होऊ देत नाही. हे शोध त्या काळी ताजे होते आणि सर त्यांच्याबद्दल बोलायला लागले की त्यांचा चहा गार व्हायचा.

आता जवसाकडे येतो. प्रोस्टाग्लँडिन ज्या चरबीपासून बनतं ती आपल्या खाण्यातून येते. जवसाच्या तेलातली चरबी जरा निराळ्या घडणीची. सरांचं म्हणणं असं, की जो माणूस लहानपणापासून जवसाचं तेल आणि जवसाची चटणी खातो, त्याच्या पेशींच्या भिंतींत ही निराळी चरबी बसते, मग चिडवणारं प्रोस्टाग्लँडिन कमी बनतं आणि त्या माणसाला दुखतंही कमी. आमच्या भागातल्या खेड्यांत तेव्हा घरोघर जवस होता. शहरातले नोकरदार शेंगदाण्याच्या तेलावर आणि डालड्यावर गेले होते. म्हणजे प्रयोगाला लागणारे दोन्ही गट सरांना बससेवेच्या अंतरावर आयते मिळाले.

मुंबईत असताना त्यांनी ही कल्पना आपल्या वरिष्ठांना सांगितली होती. ते वरिष्ठ भर सभेत म्हणाले होते, "सप्रे, तुम्ही संशोधन करताय की चटणी?" सगळे हसले होते. सरांनी मला हे सांगितलं तेव्हा तेही हसले, पण चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला. निवृत्ती जवळ आली होती. "वानखडे," ते म्हणाले, "फार काही नको. एक गोष्ट. आयुष्यात एक गोष्ट खरी सापडली, तरी मी आनंदानं घरी जाईन." ती गोष्ट जवसात आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती, आणि त्यांच्या सहवासात राहून मलाही उरली नव्हती.

प्रयोग असा. बर्फाच्या पाण्यानं भरलेल्या बादलीत मनगटापर्यंत हात घालायचा. ज्यांनी घातला असेल त्यांना माहीत आहे, की थोड्याच वेळात हाडातून करवत फिरायला लागते. इजा होऊ नये म्हणून सरांनी एक कमाल वेळ ठरवली होती, ती संपली की काहीही झालं तरी हात बाहेर. माझ्याकडे स्टॉपवॉच, टॉवेल आणि बर्फाचं खातं. मार्चच्या उन्हात वर्ध्यात बर्फाची लादी मिळवणं हेच मुळात संशोधन होतं. लादी गोणपाटात, भुशात गुंडाळून सायकलरिक्षातून यायची आणि वाटेत कुल्फीवाले रिक्षावाल्याला फितवायचे. कधीकधी माझ्यापर्यंत फक्त ओला भुसा पोचायचा.

प्रत्येकाला एकच ठरलेलं वाक्य सांगायचं, असा सरांचा कडक नियम होता: "हात पाण्यात ठेवा. दुखायला लागलं की 'दुखतं' म्हणा आणि हात काढा." याच्यापुढे एक अक्षर नाही. खुलासा नाही, धीर देणं नाही, हसणंसुद्धा नाही. सगळ्यांना सारखंच वाक्य मिळालं तरच तुलना खरी होते, हे त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं.

पहिला गट ऑफिसातल्या लोकांचा. त्यांत पहिले आले आमच्या आस्थापना शाखेचे देशमुखबाबू. मी वाक्य म्हटलं. देशमुखबाबूंनी हात पुढे केला आणि पाण्यापासून चार बोटं वर असतानाच ते म्हणाले, "दुखतं."

"अजून हात बुडला नाही," मी म्हणालो.

"खांदा दुखून राह्यला," देशमुखबाबू म्हणाले. "इथपासून इथपर्यंत. सरांना सांगा न जरा, एखादं सर्टिफिकेट भेटलं तर बरं होईल. सोमवार-मंगळवार."

सरांनी त्यांना दुसरी संधी दिली. या वेळी हात बुडाला आणि लगेच वर आला. बाकीचे बाबू, दोन शिक्षक, लायब्ररीतल्या बाई, सगळ्यांनी थोड्याफार फरकानं चटकन 'दुखतं' म्हटलं. सरांनी आकडे पाहिले आणि मान हलवत म्हणाले, "शेंगदाणा." मला तेव्हा लायब्ररीतल्या बाईंची दया आली होती.

दुसरा गट पवनारच्या पलीकडून, धाम नदीच्या काठच्या एका गावातून आला. पंधरा-वीस शेतकरी, पांढरी टोपी, धोतर, सगळे जवस खाणारे. त्यांना घेऊन आले भाऊराव. पन्नाशीचे, उंच, हाताचे पंजे फावड्याएवढे. गावात कुणीही पाहुणा आला तर त्याला आधी भाऊरावांकडे जेवावं लागायचं, अशी त्यांची ख्याती. सरही गावात गेले होते तेव्हा जवसाची चटणी, भाकर आणि वर कच्चं तेल अशा बेतानं त्यांना तिथंच जिंकण्यात आलं होतं.

व्हरांड्यात सगळ्यांना बसवून सरांनी प्रयोग समजावला. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ असतो, तो इजेचा निरोप तंतूपर्यंत पोचवतो, साधारण पोस्टासारखं त्याचं काम असतं, वगैरे. भाऊरावांनी मन लावून ऐकलं. मग विचारलं, "सर, हे गलांडीन कोनाची हो? आर्वीकडं गलांडे हायेत, त्यायच्यातली का?"

"गलांडीन?" सर म्हणाले.

"तुमीच म्हनलं नं. पोष्टातली गलांडीन. निरोप नेते म्हने."

आमच्याकडे पाटलाची बायको पाटलीन, तशी गलांड्यांची बायको गलांडीन. सरांनी पुन्हा तो शब्द सुटा करून सांगितला, पण काही उपयोग झाला नाही. मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, "निरोप नेते, का चुगली करते?" सर म्हणाले, "चुगलीच म्हणा. तंतूचे कान भरते." मग सगळ्यांना एकदम कळलं. सासूचे कान भरणारी शेजारीण प्रत्येक गावात असते. तिनं कान भरून ठेवले की सुनेच्या हातून साधी वाटी पडली तरी घरात महाभारत होतं. दोष वाटीचा नसतो. इतकी वर्षं मी हा विषय विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकात ऐकत आलो होतो, पण तो इतका चटकन कुणाला समजलेला मी पाहिला नव्हता. सरांनीही तो शब्द उचलला. पुढे विभागात आम्ही सगळेच गलांडीन म्हणू लागलो आणि परीक्षेत एका विद्यार्थ्यानं तसंच लिहिलं.

मग हात बुडायला लागले. पहिले भाऊराव. मी वाक्य म्हटलं, त्यांनी हात घातला आणि समोर भिंतीकडे पाहत बसले. देशमुखबाबूंची वेळ झाली आणि गेली. लायब्ररीतल्या बाईंची गेली. भाऊरावांच्या कपाळावर घाम आला. दुसऱ्या हातानं त्यांनी धोतराचा सोगा मुठीत धरला.

"काही होतंय?" सरांनी विचारलं. हे नियमात बसत नव्हतं, पण त्यांना राहवलं नाही.

"आग होऊन राह्यली," भाऊराव म्हणाले.

"दुखतंय?"

"नाई बाप्पा. दुखत काऊन राहीन? बोटं ठनकून राह्यले. हाडात कळ जाऊन राह्यली. पन दुखत नाई."

कमाल वेळ संपली. मी हात बाहेर काढला तेव्हा तो जांभळा झाला होता. पुढचाही गडी तसाच, त्याच्या पुढचाही. कुणाची सणक जात होती, कुणाला मुंग्या येत होत्या, एकाला तर "जीव चालला" असं वाटत होतं, पण दुखत कुणालाच नव्हतं. सर माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. आग वेगळ्या तंतूंतून जाते, कळ वेगळ्या, असं त्यांनी मला रात्रीच्या जेवणाची वेळ होईपर्यंत समजावलं. या माणसांना थंडी कळते, आग कळते, दाब कळतो, फक्त दुःख तेवढं कळत नाही! गलांडीन हटवल्यावर हेच तर व्हायला हवं! मला पटलं. सरांना इतकं आनंदी पाहून मला त्या दिवशी काहीही पटलं असतं.

पुढचे दोन महिने भाऊराव दर आठवड्याला यायचे. कधी एकटे, कधी नवे लोक घेऊन. आल्यावर आधी सरांच्या टेबलावर चटणीची पुरचुंडी ठेवायचे आणि मग हात बादलीत. कमाल वेळ दरवेळी पूर्ण. घड्याळ शेवटाकडे आलं की सर खुर्चीतून थोडे उठायचे, ओठ आवळायचे, आणि वेळ झाली की लहान मुलासारखी टाळी वाजवायचे. भाऊराव त्यांच्याकडे पाहून हसायचे. मग तासभर हात काखेत धरून बसायचे. त्यांना बसमध्ये दांडा धरता यायचा नाही म्हणून मी त्यांना खिडकीजवळ जागा मिळवून द्यायचो.

उंदरांकडेही आम्ही जवस सुरू केला होता. जवसाचे उंदीर जरासे उशिरा चीं म्हणत होते. जरासेच. भाऊरावांपुढे उंदरांकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ होता?

सरांनी शोधनिबंध लिहून मुंबईला पाठवला आणि तिथून उत्तर आलं. ते चटणीवाले वरिष्ठ स्वतः प्रयोग बघायला येणार होते. त्यांनी मान डोलावली असती तर सरांची गोष्ट खरी ठरली असती आणि बर्फाचे पैसे देणारी योजना पुढे चालली असती. नाही डोलावली तर बादली उलटी करून ठेवायची होती. मे महिना होता. सरांनी तो आठवडा चहावर काढला, पाण्याचा अर्धा पेलासुद्धा बंद. वर्ध्याच्या मेमध्ये हे करणं म्हणजे मुतखड्याला घरचा पत्ता देणं आहे, पण विभागप्रमुखांना पाणी प्या असं सांगायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

मोठे साहेब आले. टाय लावलेले, घामानं भिजलेले, आल्या आल्या पंख्याखालची खुर्ची पकडून बसले. भाऊरावांनी हात बुडवला. मी घड्याळ सुरू केलं. सर बाजूला उभे राहून मोठ्या साहेबांना चरबीच्या भिंती समजावत होते. बोलता बोलता ते मध्येच थांबले. एक हात कमरेवर गेला.

"काय झालं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"काही नाही. तर ही जी चरबी..." सर पुन्हा थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी टेबल धरलं, मग सोडलं, मग वाकले, मग सरळ झाले. घामानं सदरा पाठीला चिकटला.

"सप्रे, दुखतंय का तुम्हाला?"

"छे! दुखत वगैरे नाही," सर म्हणाले. "जरा कळ आली." ते उकिडवे बसले. मग उठून बाकावर आडवे झाले. मग पुन्हा उठले. "कमरेतून खाली सणक जातेय. आग होतेय थोडी. पण दुखत... आई गं... दुखत नाहीये."

"अहो, तुम्ही लोळताय जमिनीवर!"

"लोळतोय. पण दुखत नाही!" सर ओरडले. "सुई नको!"

मी घड्याळ हातात धरून उभा होतो. भाऊराव बादलीत हात तसाच ठेवून सरांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मोठी सहानुभूती होती. ते मोठ्या साहेबांना म्हणाले, "बराबर हाय त्यायचं, साहेब. आमचंबी असंच होते. आग होते, कळा येतेत, जीव जाते. पन दुखत नाई."

मोठ्या साहेबांनी जमिनीवरच्या सरांकडे पाहिलं, मग बादलीकडे पाहिलं. "मग तुम्ही दुखतं कधी म्हणता?" त्यांनी भाऊरावांना विचारलं.

"भरती व्हायचं असन तवा," भाऊराव म्हणाले. "दवाखान्यात दुखते म्हनलं का भरती करतेत नं, साहेब. सुया टोचतेत. आमच्या गावात सगळ्यायले माहीत हाय. म्हनून म्या पोट्ट्यायले पहिलेच सांगून ठेवलं होतं, कालेजात जे होईन ते म्हना, पन दुखते म्हनू नोका."

जमिनीवरून सरांनी मान वर केली. कळ ओसरली होती की नवी येत होती, सांगता येणार नाही, पण ते माझ्याकडे असे पाहत राहिले की मला नजर देववेना. जवसाची सगळी इमारत त्या एका शब्दावर उभी होती. दुखतं म्हटलं की बाबूंना रजा मिळत होती आणि खेडुतांना सुई. आम्ही दोन महिने बर्फ लावून हेच मोजत होतो, आणि ते फार अचूक मोजलं होतं.

मग पुढची कळ आली. "दुखतंय," सर म्हणाले. "वानखडे, दुखतंय." त्यांना भरती केलं. तेव्हा नवीनच आलेलं एक इंजेक्शन होतं. ते मूत्रमार्गातल्या प्रोस्टाग्लँडिनलाच आवर घालायचं. चौघांनी धरून ते सरांना टोचलं. अर्ध्या तासानं सर शांत झाले आणि डोळे मिटूनच म्हणाले, "गेली. गलांडीन गेली." मोठे साहेब इतके हसले की त्यांना टाय सैल करावा लागला. तेही वाईट नव्हते. जाताना ते मला म्हणाले, "चटणी उत्तम होती म्हणावं," आणि मला त्यांचा राग आला तो अजून गेलेला नाही.

खडा पडला आणि सर कामावर आले. त्यांनी निबंध परत मागवला. कुणी सांगितलं नव्हतं. "वानखडे, पुन्हा करू," ते म्हणाले. "आता कुणी काही बोलायचं नाही. हात नकोसा झाला की काढायचा. शब्दच नको." योजना संपत आली होती, बर्फाच्या कारखान्यातूनही आणखी एका दिवसापुरताच बर्फ मिळणार होता.

आज औषधांच्या दुकानात जवसाच्या तेलाच्या गोळ्या विकायला असतात. डॉक्टर सूज आणि सांधेदुखीसाठी त्या लिहून देतात, ते मी पाहिलं आहे. उंदरांना भरतीची भीती नव्हती, आणि ते उशिराच चीं म्हणाले होते. ते काम पुढे न्यायला हवं होतं. ते आमच्या हातून राहिलं याचं मला आजही वाईट वाटतं. पण माझ्या मनात राहिलाय तो बादलीचा शेवटचा दिवस.

गावातले सगळे आले होते, देशमुखबाबूही. या वेळी बोलायचं काहीच नव्हतं. देशमुखबाबूंनी हात घातला, नकोसा झाला, काढला. धामकाठच्या गड्यांनी घातला, काढला. दोघांच्या वेळेत सांगण्यासारखा फरक नव्हता. एक जण हात झटकत म्हणाला, "हे पयलेच सांगाचं होतं नं, सर, उगाच दोन महिने मेलो." सर प्रत्येकाला "आभारी आहे" म्हणत होते. दर हातागणिक ते खुर्चीत थोडे खाली जात होते.

शेवटी भाऊराव. त्यांनी चटणीची पुरचुंडी टेबलावर ठेवली, बाही सारली आणि हात बुडवला. मी घड्याळ सुरू केलं.

बाकीच्यांची वेळ झाली. भाऊरावांनी हात काढला नाही. ते भिंतीकडे बघत होते. अजून थोडा वेळ गेला. सर खुर्चीत सरळ झाले. मी पाहिलं, त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चमक परत येत होती. एक तरी! एक तरी माणूस! भाऊरावांच्या गळ्याची शीर उडत होती, सोगा मुठीत आवळला होता. सर उठून उभे राहिले. घड्याळ शेवटाकडे आलं तसे ते बादलीजवळ गेले आणि एकदम थांबले. भाऊराव भिंतीकडे बघत नव्हते. ते सरांच्या तोंडाकडे बघत होते.

"भाऊराव," सर हळू आवाजात म्हणाले, "भरती करणार नाही. सुई नाही. हात नकोसा झालाय का?"

भाऊरावांनी हात तसाच ठेवला.

"पहिल्या दिवसापासून?"

"लय, सर," भाऊराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, थंडीनं की कशानं ते मी विचारलं नाही. "पयल्या दिवशी सुईच्या भेवानं ठेवला. मंग पाह्यलं, तुमी टाळी वाजवता. तुमाले किती बरं वाटे. आता तुमी दवाखान्यातून उठून आले. आज कसा काढू हात?"

अजून वेळ संपली नव्हती. सरांनी बाही वर सारली नाही, मनगटावरचं घड्याळ काढलं नाही. त्यांनी आपला हात तसाच बर्फाच्या पाण्यात घातला, भाऊरावांचा पंजा धरला आणि दोन्ही हात बाहेर काढले.

"काढा हो," सर म्हणाले. "मला दुखतंय."

मी स्टॉपवॉच बंद केलं आणि टॉवेल आणायला गेलो.